कायद्याचा व्यवसाय : तो कोणी पत्करावा व का



शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे घरोघरी एकच विचार सुरू होतो : मुलाने किंवा मुलीने पुढे काय करावे? कोणी वैद्यकाचे नाव घेतो, कोणी यंत्रशास्त्राचे, कोणी सरकारी नोकरीचे. कायद्याचे नाव मात्र क्वचितच निघते. आणि निघालेच तर घरातील वडील माणसे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ऐकवून तो विषय तेथेच संपवितात. ही म्हण उगीच जन्मास आलेली नाही. तारखांमागून तारखा, खर्चामागून खर्च आणि वडिलांनी लावलेला दावा नातवाच्या हयातीत निकालात निघणे, हा अनुभव पुष्कळांचा आहे. परंतु ती म्हण अर्धेच सत्य सांगते. ज्यास न चढता भागते त्याने ती पायरी चढू नये, हे खरे. पण ज्यास चढल्यावाचून गत्यंतरच नाही, त्याने काय करावे? ज्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही, ज्या मजुराची मजुरी बुडविली गेली, ज्या निरपराध मुलास केवळ संशयावरून पकडून नेले, त्यांस ती पायरी चढावीच लागते. तेथे त्यांचा हात धरणारा जाणता व प्रामाणिक मनुष्य असेल की नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आज ज्या वर्गांत आपण बसला आहा, त्या वर्गांतून यावयाचे आहे.

प्रथम न्यायाच्या कामाची सामान्य ओळख करून घेऊ. समजा, दोन शेतकऱ्यांची शेते एकमेकांस लागून आहेत. मधला धुरा एकाने दरवर्षी एकेका तासाने कोरीत आणिला व दहा वर्षांत शेजाऱ्याची पट्टी आपल्या शेतात ओढून घेतली. शेजारी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करवितो व आपली जमीन परत मिळावी म्हणून दिवाणी न्यायालयात दावा लावितो. येथे दावा लावणारा तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी; आणि न्यायाधीशाने एवढेच पाहावयाचे की कोणाचा पुरावा अधिक संभवनीय आहे. आता समजा, दाव्याचा निकाल लागण्यापूर्वीच त्या धुऱ्यावर दोघांची बाचाबाची झाली व एकाने दुसऱ्याच्या डोक्यात काठी घातली. ही गोष्ट केवळ दोघांपुरती राहत नाही. येथे राज्य स्वतः फिर्यादीच्या पाठीशी उभे राहते, पोलीस तपास करितात, सरकारी वकील खटला चालवितो आणि गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाल्यावाचून आरोपीस शिक्षा होत नाही. पहिले प्रकरण दिवाणी, दुसरे फौजदारी. धुरा एकच, परंतु त्याच्यावरून दोन निरनिराळ्या न्यायालयांत, दोन निरनिराळ्या कसोट्यांनी दोन प्रकरणे चालतात. एवढा भेद ध्यानात आला म्हणजे कायद्याच्या विस्तीर्ण घराचे मोठे दोन दरवाजे आपण ओळखिले असे समजावे.

हे घर एका दिवसात बांधले गेले नाही. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि पुढल्याच वर्षी, १८६२ साली, नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्या काळी सारा वसूल करणारा अधिकारी व शिक्षा देणारा अधिकारी पुष्कळदा एकच असे. प्रांताच्या न्यायव्यवस्थेच्या शिखरावर ज्युडिशियल कमिशनर हा अधिकारी होता. ह्या भागास स्वतःचे उच्च न्यायालय मिळाले ते १९३६ साली, नागपूर येथे. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हापासून नागपुरास मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. फौजदारी कामाची नवी संहिता १९७३ साली झाली व १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आली. तिने न्यायदान करणारे दंडाधिकारी महसुली अधिकाऱ्यांपासून अलग करून उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आणिले. ज्याने पकडावयाचे त्यानेच न्याय करावयाचा, हा जुना दोष ह्या एका बदलाने पुष्कळ अंशी दूर झाला. आज आर्वी, हिंगणघाट यांसारख्या तालुक्याच्या गावी कनिष्ठ स्तराचा दिवाणी न्यायाधीश असतो व तोच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी कामही पाहतो. त्याच्यावर वरिष्ठ स्तराचा न्यायाधीश, त्याच्यावर वर्धा येथील जिल्हा व सत्र न्यायाधीश, त्याच्यावर नागपूरचे खंडपीठ व सर्वांत वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय, अशी ही उतरंड आहे. खालच्या न्यायालयात चूक झाली तर ती वर दुरुस्त व्हावी, हा तिचा हेतू.

आता वकिलाच्या कामाकडे वळू. चित्रपटांतील वकील टेबलावर मूठ आपटून मोठमोठी भाषणे करितो. त्यावरून पुष्कळ मुलांची अशी समजूत होते की, ज्यास आवाज मोठा तो वकील मोठा. वस्तुस्थिती निराळी आहे. वकिलाच्या दिवसाचा बहुतेक भाग ऐकण्यात, वाचण्यात व लिहिण्यात जातो. पक्षकार येतो तो आपली हकीकत कधीच सरळ सांगत नाही. रागाने, भीतीने किंवा लाजेने तिच्यात गाठी पडलेल्या असतात. त्या गाठी सोडवून, कोणती गोष्ट केव्हा घडली, तिचा कागद कोठे आहे, ती पाहणारा साक्षीदार कोण, हे वकिलास काढून घ्यावे लागते. मग वकीलपत्र घेऊन तो दाव्याचा मसुदा तयार करितो, किंवा प्रतिवादीचा वकील असेल तर कैफियत लिहितो. पुराव्याच्या वेळी आपल्या साक्षीदाराची सरतपासणी व दुसऱ्या पक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. आणि उलटतपासणीत उत्तम वकील थोडे प्रश्न विचारितो, पण ते नेमके विचारितो. शेवटी युक्तिवाद. त्यातही भाषणापेक्षा मुद्दा व मुद्द्यापेक्षा त्यामागचा पुरावा अधिक मोलाचा.

ह्यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. ज्यास शुद्ध व नेमके लिहिता येते त्याची ह्या व्यवसायात अर्धी तयारी शाळेतच झालेली असते. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयांत इंग्रजी चालते. म्हणून दोन्ही भाषा ज्यांच्या हाताखाली आहेत अशा मुलांस येथे विशेष वाव आहे. खेड्यातील मुलांनी तर आपणांस कमी समजण्याचे मुळीच कारण नाही. धुरा, वहिवाट, फेरफार, बटई, विहिरीचे पाणी ह्या गोष्टी शहरातील हुशार मुलास पुस्तकातून शिकाव्या लागतात. आपण त्या लहानपणापासून डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

येथे पालकांच्या मनातील एका मोठ्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ‘वकिली म्हणजे खोट्याचे खरे व खऱ्याचे खोटे करणे, सन्मार्गी मुलाने त्या धंद्यात का पडावे?’ हा आक्षेप आजचा नव्हे, व तो घेणारे सर्वच अडाणी होते असेही नव्हे. ज्या महात्मा गांधींनी १९३६ पासून आपल्या जिल्ह्यातील सेवाग्राम येथे वास्तव्य केले, त्यांनीच १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ ह्या पुस्तकात वकिलांवर कडक टीका केली आहे : वकील भांडणे मिटवीत नाहीत, वाढवितात, असा तिचा आशय. परंतु हेही विसरता कामा नये की, ही टीका करणारा मनुष्य स्वतः वकील होता. १८९१ साली लंडनमध्ये बॅरिस्टर होऊन, १८९३ साली एका व्यापाऱ्याच्या दाव्याच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा मोठ्या रकमेचा होता, दोन्ही पक्ष नात्यातले होते आणि दोघांचाही पैसा वकिलांच्या फीत वाहून जात होता. गांधींनी कागदपत्रांचा कसून अभ्यास केला व आपल्या पक्षकाराची बाजू बळकट असल्याचे त्यांस दिसून आले. तरीही त्यांनी दोघांस समजावून प्रकरण लवादाकडे नेले. निकाल त्यांच्या पक्षकारासारखा लागला. तेव्हा सर्व रक्कम एकदम मागून हरलेल्याचे दिवाळे काढण्याऐवजी ती हप्त्यांनी घेण्यास त्यांनी आपल्या पक्षकाराचे मन वळविले. भांडणाऱ्यांस पुन्हा जोडणे हेच वकिलाचे खरे काम, हा धडा आपण त्या प्रकरणात शिकलो, असे त्यांनी पुढे आत्मकथेत नमूद केले आहे. तात्पर्य, दोष व्यवसायाचा नसून तो करणाराचा असतो. विळ्याने धानही कापिता येते व बोटही.

दुसरा आक्षेप असा की, गुन्हेगाराचे वकीलपत्र घेणे हे पापाचे भागीदार होणे नव्हे काय? ह्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे जमाव व पोलीस यांची गाठ पडून दोन्ही बाजूंची माणसे प्राणास मुकली. त्याच दिवशी चिमूर येथेही तसाच प्रकार घडला. त्यानंतर जे खटले झाले त्यांत अनेकांस फाशीची शिक्षा फर्माविण्यात आली. त्या वेळच्या सरकारच्या दृष्टीने हे सर्व भयंकर गुन्हेगार होते. लोकांच्या दृष्टीने ते देशभक्त होते. त्यांच्यासाठी खटपट करणाऱ्यांत नागपूरच्या अनसूयाबाई काळे अग्रभागी होत्या. प्रकरण लांबत गेले, अर्जविनंत्या झाल्या, आणि १९४५ साली उरलेल्या कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. ह्या माणसांची बाजू मांडणे हे पाप आहे असे म्हणून सर्वांनी दार लावून घेतले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. मनुष्य गुन्हेगार आहे की नाही हे वकिलाने ठरवावयाचे नसते. ते न्यायाधीशाने, दोन्ही बाजू ऐकून ठरवावयाचे असते. म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे, व त्यास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे असे बजाविले आहे. वकिलाने खोटा साक्षीदार उभा करणे हा मात्र गुन्हाच आहे. आरोपीचा बचाव करणे व खोटे रचणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

न्यायाधीशाचे आसन ह्याहूनही कठीण. वकिलाने एका बाजूचे बोलावे. न्यायाधीशाने दोन्ही बाजूंचे ऐकावे व लोकांस रुचो वा न रुचो, जे योग्य तेच लिहावे. नागपूरच्या उच्च न्यायालयाने असे न्यायाधीश दिले आहेत. न्यायमूर्ती विवियन बोस हे त्यांपैकी एक. ते पुढे १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. १९४७ च्या भगवतीचरण शुक्ल यांच्या प्रकरणात त्यांनी एक तत्त्व सांगितले ते आजही उद्धृत केले जाते. एखादे लिखाण आक्षेपार्ह आहे की काय हे पाहताना, ते वाचून जो दुबळ्या व चंचल मनाचा मनुष्य घाबरेल त्याच्या नजरेने पाहू नये. समंजस, खंबीर व धैर्यवान मनुष्यावर त्याचा काय परिणाम होईल हे पाहावे, असा त्याचा भावार्थ आहे. नागपुरात लिहिलेल्या त्या ओळींचा आधार सर्वोच्च न्यायालयाने २०२५ सालीही एका निर्णयात घेतला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले मोहम्मद हिदायतुल्ला १९५४ साली येथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले व १९६८ ते १९७० ह्या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. अलीकडच्या काळात नागपूरचे शरद बोबडे यांनी २०१९ ते २०२१ पर्यंत, आणि अमरावतीस जन्मलेले भूषण गवई यांनी २०२५ साली तेच पद भूषविले. आपल्या विदर्भातील मुलांस दिल्ली दूर नाही, हे ह्यावरून दिसून येईल.

न्यायाधीश होण्याची वाट अशी आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत होते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने ह्या परीक्षेपूर्वी तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरविली. असे नियम मधून मधून बदलतात, यास्तव उमेदवाराने त्या त्या वेळची जाहिरात स्वतः वाचावी. सात वर्षे वकिली केलेल्यास जिल्हा न्यायाधीशपदासाठी थेट अर्ज करिता येतो. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होण्यास उच्च न्यायालयात दहा वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा झालेली असावी लागते.

मुलींच्या पालकांसाठी दोन शब्द विशेष आग्रहाने सांगितले पाहिजेत. नाशिक येथे १८६६ साली एका ख्रिस्ती पाद्र्याच्या घरी कॉर्नेलिया सोराबजी ही कन्या जन्मली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली, आणि पुढे ऑक्सफर्ड येथे कायद्याचा अभ्यास करणारी पहिली स्त्री ठरली. १८९२ साली तिने तेथील कायद्याची परीक्षा दिली. परंतु स्त्रियांस पदवी देण्याची तेथे रीतच नसल्यामुळे ती पदवी हाती पडावयास १९२२ साल उजाडले. हिंदुस्थानात परतल्यावर स्त्री म्हणून तिला न्यायालयात उभे राहता येईना. तेव्हा पडद्यात राहणाऱ्या जमीनदार घराण्यांतील विधवांचे व अनाथ मुलांचे हक्क सांभाळण्याचे काम तिने पत्करिले. त्या स्त्रिया परपुरुषापुढे येऊन आपले गाऱ्हाणे सांगू शकत नसत, व त्याचा फायदा घेऊन आप्तेष्ट त्यांची मालमत्ता गिळंकृत करीत. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांस वकिलीचा दरवाजा खुला झाला, त्या वेळी कॉर्नेलियाबाईंचे वय छप्पन वर्षांचे होते! आज आपल्या मुलींस तसे तीस वर्षे थांबावे लागत नाही.

कायद्याच्या शिक्षकांचे सामर्थ्य किती मोठे असते, याचेही एक उदाहरण विदर्भातीलच आहे. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींस निर्दोष सोडले. प्रकरण तेथेच मिटावयाचे. परंतु उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धगमवार ह्या चौघा कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहून, त्या निर्णयात गरीब मुलीच्या असहायतेचा विचार कसा झाला नाही हे निर्भीडपणे दाखवून दिले. देशभर स्त्रिया जागृत झाल्या आणि १९८३ साली संसदेने कायदाच बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, तर ते न्यायालयाने खरे मानून चालावे, असा नियम त्या वेळी आला. ह्या चौघांच्या हाती कोणताही अधिकार नव्हता; होती ती लेखणी, आणि कायद्याचे अचूक ज्ञान.

वारसाहक्काचीही हीच गोष्ट. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मृत्युपत्र न करिता वारलेल्या पित्याच्या मालमत्तेत मुलगा व मुलगी यांस सारखाच वाटा देतो; हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीस २००५ च्या दुरुस्तीने जन्मतःच मुलासारखा हक्क मिळाला. परंतु कायदा पुस्तकात असणे निराळे व सातबाऱ्यावर नाव चढणे निराळे. ह्या दोहोंमधील अंतर ज्यांनी चालून जावयाचे त्यांत आपल्या मुली असाव्यात.

न्यायाचे काम म्हणजे केवळ वकील व न्यायाधीश नव्हेत. न्यायालयात लघुलेखक, लिपिक, नाझर व बेलीफ असतात. साक्षीचा एक शब्द चुकीचा टिपला गेला अथवा समन्स वेळेवर बजावले गेले नाही तर मोठमोठ्या वकिलांचे श्रम व्यर्थ जातात. ज्यास विज्ञानाची आवड आहे त्याने न्यायसहायक प्रयोगशाळेचा विचार करावा. तेथे विष, रक्त, हस्ताक्षर यांची परीक्षा होते. ज्याचा ओढा समाजसेवेकडे आहे त्याच्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचे काम आहे. आणि अल्पवयीन मुलांच्या बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्तेही बसतात, व त्यांपैकी एक स्त्री असावीच असा नियम आहे. बँका, कारखाने व सरकारी खाती कायदा अधिकारी नेमितात. निवाड्यांचे भाषांतर करणारे, नोटरी, कायद्याचे प्राध्यापक अशी आणखी किती तरी कामे सांगता येतील.

परंतु ज्या कामाकडे मी आपले लक्ष सर्वांत अधिक वेधू इच्छितो ते कायदेविषयक मदतीचे. गरिबास वकील परवडत नाही, म्हणून त्याची बाजू मांडली जात नाही, ही गोष्ट कोणत्याही देशास लाजिरवाणी आहे. १९७९ साली असे उघडकीस आले की, बिहारच्या तुरुंगांत कित्येक माणसे खटला सुरू होण्याचीच वाट पाहत वर्षानुवर्षे पडून होती. गुन्हा सिद्ध झाला असता तरी इतकी शिक्षा त्यांस झाली नसती. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात त्वरित न्याय हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे सांगितले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व तो १९९५ पासून अंमलात आला. त्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, कोठडीतील कैदी यांस उत्पन्नाची अट न लाविता, व इतर गरिबांस ठराविक उत्पन्नाच्या आत, फुकट वकील मिळतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली असे प्राधिकरण असून तालुक्यास समिती असते. १५१०० ह्या दूरध्वनी क्रमांकावरही सल्ला मिळतो. लोकअदालतीत तडजोडीने मिटलेल्या दाव्याचे न्यायालयीन शुल्क परत मिळते, व त्या निवाड्यावर अपील नसल्यामुळे भांडण कायमचे संपते. ह्या कामी विधी स्वयंसेवकही घेतले जातात. त्यांस वकिलीची सनद लागत नाही. शुभवर्तमानातील ती विधवा न्यायासाठी पुन्हा पुन्हा दार ठोठावीत राहिली, हे आपण वाचतो. आज आपल्या गावातील विधवेस कोणते दार ठोठवावे एवढे जरी कोणी सांगितले, तरी तिच्या निम्म्या खेपा वाचतील.

आता अभ्यासाची वाट. दहावीनंतर कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही शाखा घेतली तरी चालते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणतीही पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत. प्रवेशासाठी राज्याची सामायिक परीक्षा असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी बहुतेक ठिकाणी ‘क्लॅट’ ही निराळी परीक्षा द्यावी लागते. नागपूर येथे १९२५ साली स्थापन झालेले विद्यापीठाचे विधी महाविद्यालय आहे व महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. म्हणजे वर्ध्याच्या मुलास फार दूर जाण्याचे कारण नाही. राष्ट्रीय विद्यापीठांचे शुल्क बरेच जड असते, त्या मानाने शासकीय व विद्यापीठाच्या महाविद्यालयांचे हलके. शिष्यवृत्त्यांची चौकशी आधीच करावी. पदवीनंतर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नाव नोंदवावे लागते, व अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. यास्तव जुनी पुस्तके स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत.

पालकांपासून एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. वकिलीची पहिली तीन-चार वर्षे बहुधा ओढाताणीची जातात. नवा वकील एखाद्या अनुभवी वकिलाच्या हाताखाली काम शिकतो व त्यास मिळणारा मोबदला अल्प असतो. ज्या घरास मुलाच्या पहिल्या पगाराची तातडीने गरज आहे, त्यांनी हा हिशेब आधी करावा. अशा मुलाने न्यायालयातील लघुलेखकाची किंवा लिपिकाची नोकरी धरून पुढे पदवीचा विचार केला तरी त्यात कमीपणा नाही. शेत गहाण टाकून कोणासही वकील करू नये. पण ज्याच्या अंगी चिकाटी आहे व ज्याने आपले नाव स्वच्छ राखिले आहे, त्याच्याकडे पक्षकार चालत येतात. कारण लबाड मनुष्यासही आपले कागद प्रामाणिक वकिलाच्याच कपाटात सुरक्षित वाटतात.

शेवटी, विद्यार्थ्यांनो, आज शाळेत असताना आपणांस काय करिता येईल? रोज एक वर्तमानपत्र काळजीपूर्वक वाचा व एका बातमीचा सारांश आपल्या शब्दांत पाच ओळींत लिहा. राज्यघटनेची उद्देशिका पाठ तर कराच. पण मूलभूत हक्कांचे भागही समजून वाचा. घरी असलेला सातबारा उतारा वडिलांकडून मागून घ्या व त्यातील प्रत्येक रकाना काय सांगतो ते विचारा. वादविवाद सभेत ज्या बाजूचे आपले मत नाही तीच बाजू एकदा मुद्दाम घ्या. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्यासारखेच जोराने मांडिता येणे, ही वकिलाची पहिली परीक्षा आहे. न्यायालयाचे कामकाज सामान्यतः सर्वांस खुले असते. शिक्षकांबरोबर किंवा पालकांबरोबर एकदा जाऊन मागच्या बाकावर शांतपणे बसा व साक्ष कशी होते ते पाहा. आणि वर्गात एखाद्या मुलावर चोरीचा आळ आला, सर्वजण त्याच्याकडे बोट दाखवू लागले, तर ‘त्याचे म्हणणे ऐकले काय?’ एवढा एक प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखवा. ज्यास तो प्रश्न शाळेत विचारिता आला, त्यास पुढे न्यायालयातही तो विचारिता येईल. आणि जो पुढे डॉक्टर, शेतकरी किंवा दुकानदार झाला, त्याच्या गावासही त्या सवयीचा लाभच होईल.